‘आउटवे’ : पारडे कुणाचे आणि तराजू कुणाचा?

इंग्रजी क्रियापदांवरच्या या मालेत आज जो शब्द घेतला आहे तो अवघड नाही. ‘आउटवे’. शाळेतल्या कोशातसुद्धा त्याचा अर्थ मिळतो : एकाचे वजन दुसऱ्यापेक्षा जास्त असणे, आणि लाक्षणिक अर्थाने महत्त्व जास्त असणे. एक मुष्टियोद्धा दुसऱ्याला पाच किलोंनी आउटवे करतो. लशीचे फायदे धोक्यांना आउटवे करतात. परीक्षेपुरते एवढे पुरे. पण आम्ही हा शब्द निवडला तो परीक्षेसाठी नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ८(२) मध्ये तो बसलेला आहे, आणि गेल्या काही काळात त्या कलमावर जेवढा भार पडला आहे तेवढा पूर्वी कधी पडला नव्हता. तो भार या क्रियापदाला पेलतो का, हा आजचा प्रश्न.

आधी व्याकरण बघू. इंग्रजीत ‘वे’ म्हणजे तोलणे. वाण्याने गूळ तोलला. इथे वाणी लागतो. त्याच ‘वे’ला ‘आउट’ जोडला की वाणी वाक्यातून निघून जातो. उरतात दोन वस्तू, एक जड, एक हलकी. कुणी तोलले, कुठल्या काट्यावर, कुठल्या मापांनी, काही सांगावे लागत नाही. ‘आउट’ लागलेली इतर क्रियापदे आठवून बघा. ‘आउटरन’मध्ये धावणारा दिसतो. ‘आउटबिड’मध्ये बोली लावणारा दिसतो, लिलावाचा हातोडासुद्धा ऐकू येतो. ‘आउटवे’मध्ये माणूस दिसत नाही. शिवाय हे क्रियापद कृती सांगत नाही, स्थिती सांगते. तोलण्याचे काम कुठेतरी, केव्हातरी, कुणीतरी उरकलेले आहे आणि आपल्याला फक्त निकाल कळवला जातो आहे, असा त्याचा सूर असतो.

मराठीत हा भेद आपण दोन शब्दांनी ठेवतो. माणूस तोलतो किंवा जोखतो, वस्तू ‘भरते’. ‘मी गूळ तोलला’ आणि ‘गूळ दोन किलो भरला’. दुसऱ्या वाक्यात माणूस नाही हे खरे, पण ऐकणाऱ्याच्या मनात काटा असतो, कारण लगेच विचारता येते : कुणाकडे भरला? लाक्षणिक अर्थाला तर आपण सरळ ‘पारडे जड होणे’ म्हणतो. पारडे म्हटले की दुसरे पारडे आले, दांडी आली, दांडी धरणारा हात आला. आणि हात आला की संशयही आला, कारण बाजारात दांडी मारतात हे आपल्या भाषेला पक्के ठाऊक आहे. ‘पासंग’ हा शब्द बघा. रिकामी पारडी समतोल नसतील तर हलक्या बाजूला अडकवायचा छोटा वजनाचा तुकडा तो पासंग. ‘हा त्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा दोन माणसांची योग्यता तर सांगतोच, पण तोलायच्या आधी तराजू सरळ करून घ्यावा लागतो ही गोष्टही नकळत सांगून जातो. ‘वरचढ’ मात्र दुसऱ्या कुळातला शब्द आहे. तो वर चढतो, आणि तराजूत तर जिंकणारे पारडे खाली जाते. म्हणून ‘आउटवे’ला ‘वरचढ ठरणे’ हा प्रतिशब्द आम्हाला पटत नाही. त्यात कुस्ती आहे, तोलणे नाही.

आता कुणी म्हणेल, रूपक आहे हो, एवढे काय ताणायचे? ताणायचे अशासाठी, की रूपकाच्या पोटात एक गृहीत असते. तराजूवर ठेवायच्या दोन्ही गोष्टींना एकच माप लागू पडते, हे ते गृहीत. गूळ आणि लोखंडी माप या वेगळ्या वस्तू, पण वजन हा गुण दोघांत समान. सत्य आणि अब्रू यांच्यात असा समान गुण कोणता? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी १९८८ च्या एका निकालात या तोलण्याची टर उडवली होती. त्यांचे म्हणणे असे, की अमुक रेषा जितकी लांब आहे त्यापेक्षा अमुक दगड जास्त जड आहे का, असे विचारण्यासारखे हे आहे. आपल्याकडे याचे उत्तर म्हणा किंवा आणखी मोठा प्रश्न म्हणा, कथेतच आहे. कृष्णाच्या तुलेत सत्यभामेचे सगळे सोने कमी पडले आणि रुक्मिणीचे एक तुळशीपत्र पुरले. कीर्तनात ही कथा भक्तीची म्हणून सांगतात, ती तशीच आहे. पण तिचे दुसरे टोकही लक्षात घ्या. तुळशीपत्र जड ठरले ते माप बदलले म्हणून. सोन्याचे माप तेच राहिले असते तर सत्यभामा हरली नसती. कोणते माप वापरायचे हे ठरले की बरेचदा निकालही ठरतो.

याचे अलीकडचे उदाहरण आपण सगळ्यांनी अनुभवले आहे. ७ एप्रिल २०२१ हा दिवस घ्या. ॲस्ट्राझेनेकाची लस, म्हणजे आपली कोविशिल्ड, तिच्यामुळे अगदी क्वचित रक्ताच्या विशिष्ट गाठी होतात हे तोवर पुढे आले होते. त्या दिवशी युरोपच्या औषध नियामक संस्थेने सांगितले की एकूण विचार करता फायदे धोक्यांना आउटवे करतात. आणि त्याच दिवशी ब्रिटनच्या लसीकरणविषयक सल्लागार समितीने सांगितले की तीस वर्षांखालच्या, इतर आजार नसलेल्या लोकांना शक्यतो दुसरी लस द्यावी. दोघांनी एकमेकांना खोटे पाडले नाही. एकाने सगळ्या वयांची माणसे मिळून एका पारड्यात घातली, दुसऱ्याने वयानुसार वेगवेगळे तराजू मांडले. पंचविशीतल्या मुलाला कोविडने मरण्याचा धोका कमी, म्हणून त्याच्या पारड्यातला फायदाही कमी. ‘कुणाचे फायदे आणि कुणाचे धोके?’ हा प्रश्न दोन्ही संस्थांनी आपापल्या परीने सोडवलाच होता, पण ‘फायदे धोक्यांना आउटवे करतात’ या वाक्यात त्याला जागाच नाही. वाक्य ऐकणारा गृहीत धरतो की फायदे माझे आणि धोकेही माझेच.

धरणांच्या बाबतीत तर हे गृहीत पार खोटे ठरते. अमेरिकेच्या १९३६ च्या पूरनियंत्रण कायद्यात एक प्रसिद्ध अट आहे. प्रकल्पाचे फायदे, ते कुणाच्याही पदरात पडोत, अंदाजे खर्चापेक्षा जास्त असले पाहिजेत. ‘कुणाच्याही पदरात पडोत’ हे शब्द प्रामाणिक आहेत, यासाठी आम्ही त्या कायद्याला गुण देतो. तिथे क्रियापद आउटवे नाही, आकड्यांची सरळ तुलना आहे, आणि पदर कुणाचा याने फरक पडत नाही हे उघड सांगितले आहे. मुळशीच्या शेतकऱ्यांना १९२१ मध्ये सत्याग्रहाला बसावे लागले ते याच न सांगितलेल्या पदरामुळे. वीज मुंबईला, आणि पाण्याखाली जाणारी भाताची खाचरे मुळशी पेट्यातल्या लोकांची. सेनापती बापटांच्या मागे जे लोक उभे राहिले त्यांना मुंबईला वीज नको होती असे नव्हे. दोन्ही पारड्यांत आपलेच काही असते तेव्हा माणूस स्वतः तोलू शकतो. एका पारड्यात दुसऱ्याचा फायदा आणि दुसऱ्यात आपले घर असेल तर तोलणारा कोण, हा पहिला प्रश्न होतो.

आता कायद्याकडे येऊ. इथे या क्रियापदाचा एक गुण दिसतो, जो कोशात मिळत नाही. कायद्याच्या वाक्यात ‘आउटवे’चा जो कर्ता, त्याच्यावर ओझे. पारडी अगदी समसमान राहिली तर कर्ता हरतो, कारण जड भरणे त्याला भाग होते आणि तो भरला नाही.

अमेरिकेच्या संघराज्यीय पुरावा नियमांत हे फार काळजीने वापरलेले दिसते. नियम ४०३ म्हणतो, पुराव्याच्या मूल्याला अन्याय्य पूर्वग्रहाचा धोका ‘लक्षणीयरीत्या’ आउटवे करत असेल तर न्यायालय तो पुरावा बाहेर ठेवू शकते. म्हणजे ओझे धोक्यावर, आणि वर ‘लक्षणीयरीत्या’ची आणखी एक वीट. पुरावा सहसा आत येतो. नियम ६०९ मध्ये दहा वर्षांहून जुन्या शिक्षेचा दाखला देऊन साक्षीदाराची विश्वासार्हता खोडायची असेल तर वाक्य उलटे आहे : पुराव्याच्या मूल्याने पूर्वग्रहाला लक्षणीयरीत्या आउटवे केले पाहिजे, तेही विशिष्ट वस्तुस्थितीच्या आधाराने. क्रियापद तेच, क्रियाविशेषणही तेच, फक्त दोन नामांची अदलाबदल झाली आणि दार उघडे होते ते बंद झाले. ‘पासंग कुठल्या बाजूला’ हे व्याकरणाने ठरते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

माहितीच्या कायद्यांत हाच फरक ब्रिटन आणि भारत यांच्यात आहे. ब्रिटनचा माहिती स्वातंत्र्य कायदा २००० चा. त्यात काही अपवाद निरपेक्ष आहेत, तिथे तराजू काढायचाच नाही. बाकीच्या अपवादांसाठी कलम २ सांगते, की अपवाद टिकवण्यातले जनहित माहिती उघड करण्यातल्या जनहिताला आउटवे करत असेल तरच माहिती रोखता येते. कर्ता कोण? अपवाद. बरोबरी झाली तर माहिती द्यायची.

आपले कलम ८(२) काय म्हणते? उघड करण्यातले जनहित जर संरक्षित हितसंबंधांच्या हानीला आउटवे करत असेल, तर सार्वजनिक प्राधिकरण माहिती मिळू देऊ ‘शकेल’. कर्ता कोण? उघड करणे. बरोबरी झाली तर माहिती नाही. आणि जड भरले तरी ‘द्यावी लागेल’ नाही, ‘देऊ शकेल’. कलम ११ मध्ये, त्रयस्थ व्यक्तीची माहिती असेल तेव्हा, हेच क्रियापद पुन्हा येते, आणि तिथे मसुदाकाराने ‘महत्त्वाच्या दृष्टीने आउटवे’ असे म्हटले आहे. नुसते क्रियापद अपुरे वाटले असावे असे दिसते. पण तिथेही समोरच्या पारड्यात ‘कोणतीही संभाव्य’ हानी ठेवलेली आहे. संभाव्य हानीला तळ नसतो. कल्पनाशक्ती चालेल तितकी ती वाढवता येते.

इथवर कुणी म्हणेल, कायदा वीस वर्षे चालला, लोकांनी त्यातून मोठमोठे घोटाळे बाहेर काढले, मग क्रियापदाने काय बिघडवले? फारसे बिघडवले नाही, कारण खरे काम कलम ८(२) करतच नव्हते. वैयक्तिक माहितीपुरते बोलायचे तर ते काम कलम ८(१)(ञ) करत होते. जुन्या कलमाचा आशय असा : ज्या वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी संबंध नाही, किंवा जी उघड केल्याने खासगीपणावर अनाठायी आक्रमण होईल, ती देण्याचे बंधन नाही. मात्र व्यापक जनहितासाठी उघड करणे समर्थनीय आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर देता येईल. शिवाय एक परंतुक होते, की जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. इथे तोलण्याआधी एक चाळणी होती. सार्वजनिक कामाशी संबंध आहे का? असेल तर अपवाद लागूच होत नाही, तराजूची गरजच नाही.

ही चाळणी दरवेळी नीट वापरली गेली असे नाही. गिरीश देशपांडे प्रकरणात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी नोकराला मिळालेले मेमो, कारणे दाखवा नोटिसा आणि मालमत्तेचा तपशील वैयक्तिक माहितीत घातला. त्यानंतर कितीतरी कार्यालयांत तो निकाल तयार शिक्क्यासारखा वापरला गेला. तरी कलमाचे शब्द जिवंत होते, अपिलात त्यावर भांडता येत होते.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ४४(३) ने ते शब्द काढले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ही दुरुस्ती अमलात आली. आता त्या खंडात उरले आहे ते एवढेच : वैयक्तिक माहितीशी संबंधित असलेली माहिती. चाळणी गेली, परंतुक गेले, ‘समर्थनीय’ गेले. पत्त्यांच्या भाषेत सांगायचे तर तराजू उचलून तिथे हुकूम ठेवला. हुकमाची दुर्रीसुद्धा दुसऱ्या रंगाच्या एक्क्याला मारते, तिथे कुणी काही तोलत नाही. रोनाल्ड ड्वॉर्किन या कायदेतत्त्वज्ञाने हक्कांना हुकमाच्या पत्त्यांची उपमा दिली होती ती सामूहिक फायद्याच्या हिशेबापुढे एकट्या माणसाला आधार हवा म्हणून. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी सांगितले, ते आम्हालाही मोलाचे वाटते. रुग्णाची फाइल, घटस्फोटाची कागदपत्रे, विद्यार्थ्याच्या जातपडताळणीतला तपशील शेजाऱ्याच्या हाती पडू नये, यात वाद नाही. पण कंत्राटदाराचे नाव, पुलाच्या कामावर सही करणाऱ्या अभियंत्याचे नाव, हजेरीपटावरचे नाव, ही सगळी शब्दशः वैयक्तिक माहितीच. माहितीच्या अधिकाराची चळवळ राजस्थानात उभी राहिली ती हजेरीपट गावासमोर वाचून. मेलेल्या, गाव सोडून गेलेल्या माणसांची नावे पटावर मजुरी घेत होती, हे गावकऱ्यांनी ऐकून ओळखले. नावे झाकली असती तर ऐकायला काय राहिले असते? महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ सालीच केला, तेव्हा हजेरीपटाचे मोल आपल्याला कुणी शिकवायला नको.

यावर सरकारचे उत्तर एकच आहे : कलम ८(२) आहे ना, त्याला हात लावलेला नाही. म्हणजे आजवर चाळणी, परंतुक आणि ‘समर्थनीय’ या तिघांनी वाहिलेले ओझे आता ‘आउटवे’ने एकट्याने वाहायचे. आमचा आक्षेप इथे आहे, आणि तो भाषेचा आक्षेप आहे. ज्या वाक्यात ओझे अर्जदाराच्या बाजूवर आहे, तोलणारा दिसत नाही आणि शेवटी ‘शकेल’ आहे, ते वाक्य आधीच्या तीन तरतुदींचा बदली कामगार होऊ शकत नाही. कलम ४ नुसार सवलती आणि परवाने मिळालेल्यांचा तपशील कार्यालयाने आपणहून प्रसिद्ध करायचा आहे हे खरे, पण मागितल्यावर न मिळणारी गोष्ट न मागता मिळेल, या भरवशावर कुणी राहावे असे आम्ही सुचवणार नाही.

आणखी एक विसंगती आहे, आणि ती आम्हाला सगळ्यात बोचते. कलम ६(२) प्रमाणे अर्जदाराला माहिती कशासाठी हवी याचे कारण द्यावे लागत नाही. या कायद्याचा हा कणा आहे. म्हातारीने रेशन दुकानाची नोंदवही मागितली तर ‘तुला कशाला?’ असे विचारायची सोय नाही. पण उघड करण्यातल्या जनहिताने हानीला आउटवे करायचे असेल तर त्या पारड्यात वजन कोण टाकणार? अधिकाऱ्याला ते सुचले नाही तर अर्जदारालाच. म्हणजे कारण विचारायचे नाही, पण कारण नसेल तर पारडे रिकामे. पुढच्या दारातून घालवलेला ‘कशाला?’ मागच्या दारातून या क्रियापदाने परत आणला.

सुदैवाने कायद्यात एक वाक्य असे आहे जे उलट दिशेने ओढते. कलम १९(५) : अपिलात माहिती नाकारणे योग्य होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी नाकारणाऱ्या अधिकाऱ्यावर. इथे पासंग नागरिकाच्या बाजूला आहे. कलम ८(२) चा अर्थ १९(५) च्या सोबतीने लावायला हवा असे आमचे मत आहे. ‘आउटवे करत नाही’ एवढे लिहून माहिती नाकारता येऊ नये. हानी कोणती, कुणाची, किती, कशावरून, आणि जनहिताच्या पारड्यात तुम्ही काय काय धरले, हे नाकारणाऱ्याने लिहिले पाहिजे. क्रियापदाने लपवलेला वाणी अशाने पुन्हा वाक्यात येतो.

व्याख्यानाआधी काही जणांनी चिठ्ठ्या पाठवल्या होत्या, की हे सगळे ठीक, पण अर्जात लिहायचे काय? मूळ अर्जात कारण लिहू नका, तो तुमचा हक्क आहे, तो आपण होऊन सोडायचे काही कारण नाही. नकार आला आणि त्यात ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच असेल, तर पहिल्या अपिलात कलम ८(२) नाव घेऊन मांडा. ‘जनहित मोठे आहे’ असे मोघम लिहू नका, तिथे तुम्हीही तोच अदृश्य तराजू वापरता. काम कोणते, पैसा कोणाचा, नाव कळले तर काय तपासता येईल, आणि त्या नावाच्या माणसाचे नेमके काय बिघडेल, हे चार ओळींत लिहा. घराचा पत्ता, फोन, आधार क्रमांक, बँक खाते झाकून बाकीचे द्या असे स्वतःच सुचवा, कलम १० मध्ये झाकता येणारा भाग वेगळा करून उरलेले देण्याची सोय आहे. समोरच्या पारड्यातले वजन तिथल्या तिथे निम्मे होते. आणि मग १९(५) चा आधार घेऊन विचारा : हानी कोणती ते कळवावे. मराठीत लिहा. ‘आउटवे’साठी ‘पारडे जड’ असे खुशाल लिहा, म्हणजे आदेश लिहिणाऱ्यालाही दुसऱ्या पारड्यात काय आहे ते सांगावेसे वाटेल.

‘ट्रम्प’ आणि ‘ओव्हरराइड’ या दोन क्रियापदांबद्दलही चिठ्ठी आहे. पहिल्याचे हुकमाच्या पत्त्यासोबत थोडेफार झाले. दुसऱ्याला स्वतंत्र तास लागेल, तो पुढच्या व्याख्यानात.